नवीन वर्षात गोल्फ सुधारायचाय, संकल्प नेमका काय करू? मदत हवी आहे

भाट्येकाठ (३१ डिसेंबर, दुपारी)
नमस्कार मंडळी. उद्या एक तारीख आणि या वेळी मला गोल्फचा संकल्प नीट करायचाय. गेल्या वर्षी डायरीच्या पहिल्या पानावर लिहिलं होतं, "शंभरच्या आत यायचं", म्हणजे १८ होल शंभरपेक्षा कमी फटक्यांत. वर्षभर ते पान उघडून बघितलं आणि डिसेंबरात परत १०८. त्याच्या आदल्या वर्षी पण तेच. ड्रायव्हरचा (लांब मारायच्या क्लबचा) बॉल उजवीकडे वळत जातो, बाकी ठीक आहे. "मजा म्हणून खेळा" असं कृपया कोणी सांगू नका, मला खरंच सुधारायचंय. काय लिहू तेवढं सांगा, आज रात्रीपर्यंत.

पनवेलकर
कुठे खेळता, महिन्यातून किती वेळा, राउंडला पुट, म्हणजे भोकाजवळच्या हिरवळीवरचे हळू फटके, किती लागतात? यातलं काहीच लिहिलं नाहीत तर काय सांगणार. "बाकी ठीक" असतं तर १०८ झाले नसते.

सेकंड_इनिंग
बॉल उजवीकडे वळतोय म्हणजे सरळ सरळ स्लाइस. मला दहा वर्षं होता, सगळे उपाय करून झाले, शेवटी ग्रिपने गेला. डावा हात दांड्यावर जरा उजवीकडे फिरवून धरायचा, वरून बघितलं की बोटांच्या दोन-तीन गाठी दिसल्या पाहिजेत. सुरुवातीला हात अवघडतो पण महिनाभर रोज घरात नुसता क्लब धरून बसा, टीव्ही बघताना धरा, जेवण झाल्यावर धरा. संकल्प एवढाच लिहा, दुसरं काही लिहूच नका.

हिरवळ१८
"शंभर" हा आकडा टाकूनच द्या, हँडिकॅपचं (खेळाडूची पातळी दाखवणाऱ्या आकड्याचं) ध्येय ठेवा. २०२० पासूनच्या जागतिक पद्धतीत शेवटच्या २० राउंडांतले चांगले ८ धरतात, त्यामुळे एखादा वाईट दिवस डोक्यावर बसत नाही.

भाट्येकाठ
राहतो रत्नागिरीला. इथे मैदान कुठलं आलंय! तुतारी एक्स्प्रेसने रात्री निघतो, पहाटे पनवेल, मेव्हण्याकडे आंघोळ-चहा उरकून त्याच्याबरोबर खारघरला सिडकोच्या मैदानावर १८ होल. महिन्यातून एकदा, तेही नोव्हेंबर ते फेब्रुवारी, एखाद वेळी मार्चात. पुढे आंबा, मग पाऊस. म्हणजे वर्षाला चार-पाच राउंड. आणि मी डावरा आहे, ते सांगायचं राहिलं.

सेकंड_इनिंग
अहो, हे आधी नको का सांगायला! मग माझं वरचं सगळं रद्द. डावऱ्याचा बॉल उजवीकडे वळला तर तो हुक, स्लाइसच्या बरोबर उलटा. क्लबचं तोंड बंद होतंय, म्हणजे आत वळतंय. मी सांगितलेली ग्रिप डावऱ्यासाठी उजवं-डावं बदलून केलीत तर आणखी वाढेल, अजिबात करू नका.

पनवेलकर
@हिरवळ१८, वर्षाला पाच राउंडवाल्या माणसाचे २० राउंड व्हायला चार वर्षं जातील. त्याला आज रात्री डायरीत काय लिहायचं ते हवंय.

हिरवळ१८
म्हणून काय मोजायचंच नाही का? ५४ होलची कार्डं दिली की सुरुवातीचा हँडिकॅप मिळतो, म्हणजे १८ होलचे तीनच राउंड. मी आपलं जे बरोबर आहे ते सांगितलं.

अंगणातली_करवंटी
भाऊ, शेवटच्या राउंडचं कार्ड आहे का जवळ? पुट आणि पेनल्टी (दंडाचे फटके) वेगळे काढून टाका इथे.

भाट्येकाठ
मेव्हण्याने मोबाइलवर लिहून ठेवलं होतं, आत्ता फोन करून मागवलं. पुट ४३, पेनल्टी ७. बघून मलाच धक्का बसला.

अंगणातली_करवंटी
बघा, १०८ मधले ४३ हिरवळीवर गेले. पार ७२ च्या (म्हणजे ७२ फटके अपेक्षित असलेल्या) मैदानात होलला दोन धरून पुटचे ३६ होतात. तुमचे सात तिथेच जास्त, ते वाचले की १०१. शंभर काही लांब नाही, पण "शंभरच्या आत" हे हातात नसतं, वारा असतो, झोप झालेली नसते, तुम्ही तर रात्रभर गाडीत. "एका होलला तीन पुट होऊ द्यायचे नाहीत" याची मात्र घरी तयारी करता येते. मी सारवलेल्या अंगणात करवंटी उपडी ठेवते आणि दहा पावलांवरून तिच्याजवळ बॉल थांबवते. लागला पाहिजे असं नाही, हातभर अंतरात थांबला पाहिजे. रोज २० बॉल, दिवेलागणीच्या आधी. जमीन मैदानासारखी नसते हे मान्य, पण अंतराचा अंदाज हातात बसतो. टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ ला आपली गोल्फपटू अदिती अशोक चौथी आली तेव्हा तिचे ड्राइव्ह बाकीच्यांपेक्षा आखूड होते, ती पुटरच्या जोरावर टिकली.

हापूसवाला
खाऱ्या हवेत क्लब ठेवता कुठे? माझे दोन वर्षांत गंजले. गोड्या पाण्याने धुवा, पुसा, मशीनचं तेल लावा, पिशवीत ओला टॉवेल ठेवू नका.

पनवेलकर
पुट ठीक आहे हो, पण ७ पेनल्टी कुठून आल्या? हुकमधूनच ना. करवंटीने हुक जाणार नाही. भाट्याची पुळण एवढी लांब आहे, सकाळी तिथे आयर्न (लोखंडी तोंडाचा क्लब) मारा.

सुरूचं_बन
किनाऱ्यावर बॉल मारू नका, हात जोडून सांगते. एक तर सकाळी माणसं चालत असतात, बॉल डोक्यात बसला तर काय होईल? समुद्रात गेलेला बॉल कोण काढणार? आणि आता ऑलिव्ह रिडले कासवांचा विणीचा हंगाम आहे.

पनवेलकर
कासवं रात्री येतात आणि अंडी भरतीरेषेच्या वर घालतात. मी ओल्या वाळूबद्दल बोलतोय.

सुरूचं_बन
त्या ओल्या वाळूवरूनच ती वर जातात आणि पिल्लं पहाटे त्यावरूनच समुद्रात उतरतात. पावलांची नक्षी असते, ती बघूनच घरटं शोधतात.

जुनी_बोट
दोघंही जरा थांबा, बॉल लागतच नाही. ओल्या वाळूत काठीने सरळ रेघ ओढायची, ती दोन पायांच्या मधोमध येईल असं उभं राहायचं आणि नुसता स्विंग. क्लबची खूण रेघेवर किंवा तिच्या पुढे, लक्ष्याच्या बाजूला सुरू झाली तर बरोबर. रेघेच्या मागे सुरू झाली तर बॉलच्या आधी जमीन मारताय. वाळू खोटं बोलत नाही. वीस खुणा झाल्या की पायाने सारखं करून घरी. आणि कासवांच्या पावलांची नक्षी दिसेल त्या बाजूला जायचंच नाही.

वेंगुर्लेकर_रापण
माका गोल्फातला काय कळना नाय. पण सुकती (ओहोटी) कधी ता इचारा. तिथीची पावणपट करायची, ती भरतीची वेळ. अष्टमीक आठाची पावणपट सहा, म्हणजे सकाळी सहाक भरती नि बाराक सुकती, तेव्हा जाव नको. पुनवेक-अवसेक सकाळी साडेपाच-सहाक सुकती, तेव्हा वाळू गावता भरपूर आणि घट्ट. तीन तारखेक पुनव हा, बघ.

भाट्येकाठ
रापणवाले दादा, हे लहानपणी आजोबांकडून ऐकलं होतं, पार विसरलो होतो. मनापासून धन्यवाद. डायरीत लिहिलं: रोज अंगणात २० पुट. पुनव-अवसेला आणि पुढचे दोन दिवस पुळणीवर रेघ. राउंड झाला की पुट आणि पेनल्टी वेगळे लिहायचे. शंभर लिहिलंच नाही, जरा जड गेलं.

भाट्येकाठ (३ जानेवारी)
आज सकाळी सातला गेलो, पाणी बरंच खाली होतं. सात नंबर आयर्नचे २० स्विंग मारले. सहा खुणा रेघेवर किंवा पुढे, चौदा मागे, त्यातल्या काही चांगल्या चार बोटं मागे. इतकी वर्षं मी ड्रायव्हरलाच दोष देत होतो. आता हे मागे का पडतंय ते सांगा.

जुनी_बोट
वजन मागच्या पायावर राहत असणार. तुमचा मागचा म्हणजे डावा. स्विंग संपल्यावर डावी टाच वर उचललेली असते का?

भाट्येकाठ
नाही. दोन्ही पाय वाळूत सारखेच रुतलेले होते.