शब्दचर्चा : 'डिजिटल हेरिटेज'ला मराठीत काय म्हणायचं?

सूरसागर (वडोदरा) :
माझी भाची इथे महाराजा सयाजीराव विद्यापीठात म्युझिऑलॉजीचं (संग्रहालयशास्त्राचं) पदव्युत्तर शिक्षण घेते आहे. प्रबंधिकेचा विषय 'डिजिटल हेरिटेज'. म्हणजे वस्तुसंग्रहालयं, दफ्तरखाने आणि ग्रंथालयं यांतला ऐवज संगणकावर कसा आणायचा, आणि आणला की टिकवायचा कसा. प्रबंधिका इंग्रजीतच आहे, पण आमच्या वाचनालयाच्या वार्षिक अंकासाठी तिच्याकडे दोन पानं मराठीत मागितली आणि तिथे घोडं अडलं. शीर्षकात तिनं लिहिलं 'अंकीय विरासत'. माझ्या आईनं चष्मा वर करून विचारलं, "अंकलिपीबद्दल आहे का गं?"

'विरासत' हिंदीतून आलं, ते काढू. त्या जागी वारसा की ठेवा? 'अंकीय' ठेवायचं का? आणि या तिन्ही संस्थांना मिळून एखादा शब्द आहे का? वाचणारे आमच्यासारखेच, घरात मराठी आणि शाळा गुजराती. तोंडात बसेल असा शब्द हवा.

निवृत्त ग्रंथपाल :
वारसा. दुसरा विचारच नको. गुजरातीत 'वारसो' आहेच, तुमच्या वाचकाला कुठे अडखळायला होणार नाही. 'ठेवा' कानाला गोड लागतो, पण ठेवा नुसता सापडतो. वारसा म्हटलं की वारस कोण, हक्क कोणाचा, हे प्रश्न मागोमाग येतात, आणि या विषयात ते येतातच. एखाद्या घराण्यानं संग्रहालयाला दिलेले फोटो सगळ्या जगाला दाखवायचे तर परवानगी कोणाची घ्यायची, हा अभ्यासक्रमातलाच भाग असतो.

'अंकीय' नको. मराठीत अंक नाटकाचा, दिवाळीचा, नाहीतर आकडा. वार्षिक अंकात 'अंकीय वारसा' छापलंत तर लोक जुन्या अंकांची सूची शोधतील. डिजिटल म्हणा, भाजीवाल्यालाही कळतं.

कोशवेडा (पुणे) :
भाजीवाल्याला कळतं ही कसोटी लावली तर कोश बंदच करावे लागतील! 'अंकीय' रुळला तर 'अंकीकरण', 'अंकित प्रत' अशी सगळी पिलावळ मिळते. 'डिजिटल'पासून तसं नाम करायला गेलात तर 'डिजिटलीकरण', आणि ते म्हणताना जीभ दोनदा अडकते.

आणि हे बडोद्याच्या माणसानं सोडून द्यावं याचं नवल वाटतं. १९३१ साली सयाजीरावांनी 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' करवून घेतला. एकेका इंग्रजी कारभारी शब्दासमोर गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी, बंगाली प्रतिशब्द मांडले. कचेरीला शब्द हवा म्हणून राजानं कोश काढला, आणि तुम्ही 'डिजिटल' म्हणून मोकळे होता.

निवृत्त ग्रंथपाल :
त्या कोशात फारसी रकानाही होता हे तुम्हीच लिहिलंत. म्हणजे कारभाराला चालणारा शब्द कुठूनही आलेला चालतो. 'अंकित' तर मुळीच नको. 'अंकित' म्हणजे ताब्यातला. गायकवाडांची अंकित प्रत म्हणजे काय समजायचं?

कोशवेडा (पुणे) :
'अंकित' मागे घेतो. 'अंकीकरण' घेत नाही.

भाची :
मामांनी माझं गुपित फोडलंच आहे तर मीच लिहिते. शब्दापेक्षा मला वेगळी अडचण आहे. 'डिजिटल हेरिटेज' म्हणजे दोन गोष्टी आहेत आणि मराठीत मला त्या वेगळ्या करता येत नाहीयेत. युनेस्कोची २००३ सालची सनद दोन्ही धरते. एक, जे आधी कागदावर, दगडावर, काचेच्या निगेटिव्हवर होतं आणि मग डिजिटल केलं. दुसरं, जे जन्माला आलं तेच डिजिटल म्हणून. त्याची कागदी प्रत नाहीच.

लोकांना पहिलं लगेच समजतं. दुसऱ्याचं उदाहरण आमच्या वाचनालयातच आहे. जुन्या वार्षिक अंकांच्या फाइली युनिकोडच्या (सगळ्या लिपींच्या अक्षरांना संगणकात एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमध्ये आहेत. त्या फॉन्टांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीची वळणं बसवलेली असायची. फॉन्ट गेला की फाइल उघडते, पण मराठीऐवजी रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. छापील अंक कपाटात आहेत म्हणून निभावलं. ज्या संस्थेनं छापणं बंद करून नुसत्या फाइली ठेवल्या, तिचं काय?

तर पहिल्याला 'वारशाचं डिजिटायझेशन' म्हणता येईल. दुसऱ्याला काय? 'जन्मतः डिजिटल' लिहिलं तर आई म्हणाली, हे व्यंग असल्यासारखं वाटतं.

सूरसागर (वडोदरा) :
उपजत डिजिटल?

कोशवेडा (पुणे) :
उपजत गुण असतो, उपजत बुद्धी असते. फाइल उपजत नसते. 'मूळचं डिजिटल' म्हणा. मूळचा बडोद्याचा, मूळचं डिजिटल. साधं आहे. (पाहा, मीही 'डिजिटल' लिहिलं. ग्रंथपालांनी आनंद मानावा.)

मोडीवाचक (वडोदरा) :
सगळे 'वारसा' आणि 'डिजिटल'मध्ये अडकलात. मला 'दफ्तरखाना' या शब्दावर बोलायचं आहे, कारण भाचीबाईंना तिथे खरं काम पडणार आहे.

महाराष्ट्र सरकार 'पुराभिलेख' म्हणतं. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याला 'पुराभिलेखविद्या' म्हणजे शिलालेख, ताम्रपट वाचायचं शास्त्र. एकच शब्द, एकीकडे अशोकाचा दगड आणि दुसरीकडे मामलेदाराची फाइल. गुजरात सरकारचं खातं 'दफतर भंडार' म्हणतं, ते मला जास्त फावतं. (पुण्याच्या मंडळींसाठी: बडोद्यात 'फावतं' म्हणजे वेळ मिळतो असं नाही, सोयीचं पडतं.) मराठीत दफ्तर पाठीवर गेलं आणि हिंदीत ते ऑफिस झालं, पण पेशवे दफ्तर म्हटलं की आजही कोणी शाळेची पिशवी समजत नाही. शब्द फारसीतून आला आणि त्याच्याही मागे ग्रीक आहे, चामड्याचा अर्थ असलेला.

दफ्तर म्हटलं की त्याच्यासोबत रुमाल येतो. रुमाल म्हणजे कागद बांधून ठेवायचं फडकं, आणि त्या फडक्यात बांधलेला गठ्ठाही. कुठला कागद कुठल्या रुमालात होता हेच अर्धं ज्ञान. फडणिशीच्या, म्हणजे हिशेबखात्याच्या, रुमालातली याद आणि खासगीच्या, म्हणजे राजघराण्याच्या, रुमालातली याद शब्दशः सारखी असली तरी तिचा अर्थ एक नाही. स्कॅन करणारा पोरगा घाईत रुमाल सोडतो, पानं सरळ करतो, स्कॅन करतो आणि फाइलींना एकापासून पुढे नंबर देतो. चित्रं स्वच्छ येतात, दफ्तर मात्र मोडलेलं असतं. म्हणून माझं म्हणणं, नोंदीत 'रुमाल' हा शब्द 'रुमाल' म्हणूनच जाऊ द्या. 'बंडल', 'संच' असं सोवळं भाषांतर करू नका.

दुसरं, भाषा आणि लिपी. कागद मराठी, लिपी मोडी. सगळीकडे वापरला जाणारा नोंदींचा एक नमुना आहे, डब्लिन कोअर. (१९९५ सालचा, आणि हे डब्लिन आयर्लंडमधलं नाही, अमेरिकेतल्या ओहायोतलं.) त्यात मूळ १५ रकाने. भाषेला रकाना आहे, लिपीला स्वतंत्र नाही. 'मराठी' एवढंच भरलं की वाचक बाळबोध, म्हणजे देवनागरी, समजून उघडतो आणि हबकतो. भाषेच्या संकेताला लिपीचा संकेत जोडता येतो, तो जोडायलाच हवा. मोडी २०१४ साली युनिकोडमध्ये आली, तेव्हा मोडी मजकूर मोडीतच टाइप करणं आता शक्य आहे. पण वाचणारे किती? म्हणून मोडी चित्र, बाळबोध लिप्यंतर आणि गोषवारा अशा तीन वस्तू सोबत ठेवाव्या लागतात.

तिसरं आणि सगळ्यांत डोकेदुखीचं, तारीख. जुन्या मराठी कागदांत सुहूर सन असतो, तोही आकड्यात नाही, अरबी संख्याशब्दांत: सीत म्हणजे सहा, सबा म्हणजे सात, समान म्हणजे आठ. इसवी सन काढायला सुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवायचे. दोन्ही आकडे कशासाठी, तर हे वर्ष मृगात बदलतं, जानेवारीत नाही. कागदावर महिना नसेल तर इसवी सनाची दोन वर्षं शक्य असतात. संगणकाचा तारखेचा रकाना मात्र एकच वर्ष मागतो, आणि कामाला बसवलेला माणूस एक टाकून मोकळा होतो. नोंदीत मूळ तारीख जशीच्या तशी, इसवी सन वेगळ्या रकान्यात आणि शंका असेल तर दोन्ही वर्षं, हे प्रबंधिकेत ठासून लिहा.

भाची :
काका, तुम्ही माझं एक प्रकरणच लिहून दिलंत. रुमाल ठेवते.

निवृत्त ग्रंथपाल :
मोडीवाल्यांनी म्हटलं ते खरं, पण ते दफ्तराचं झालं. ग्रंथालयाचा जीव वेगळा. छापील पुस्तकाच्या प्रती दहा ठिकाणी असतात, एकानं तालिका केली की बाकीच्यांना ती उसनी घेता येते. १९१० साली सयाजीरावांनी अमेरिकेहून बॉर्डन या ग्रंथपालांना बोलावलं, त्यांनी बडोद्याच्या ग्रंथालयांची घडी बसवली आणि पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरायला लागल्या. पेटी फिरवता येते कारण पुस्तकाला दुसरी प्रत असते. दफ्तराच्या कागदाला ती नसते.

संग्रहालयाचं आणखी निराळं. इथल्याच, वडोदऱ्यातल्या अकोट्याला १९५१ साली सापडलेल्या जैन कांस्यमूर्ती कमाटीबागेतल्या बडोदा म्युझियममध्ये आहेत. तिथली नोंद एकेका मूर्तीची: दाखल क्रमांक, धातू, उंची, कुठून आली, पीठावर लेख आहे का, हात तुटलाय का. समोरून एक सुंदर फोटो काढून काम भागत नाही, लेखाचा वेगळा फोटो लागतो, तिरप्या उजेडात.

तिघांची नोंद करण्याची रीत तीन तऱ्हांची, आणि हा अभ्यासक्रम म्हणतो तिन्ही एकाच शोधपेटीत सापडायला हव्यात. म्हणून सामायिक शब्दाचा अट्टहास नको. 'स्मृतिसंस्था' असा शब्द कोणीतरी सुचवेलच. मराठी माणसाला 'स्मृती' म्हटलं की हार घातलेला फोटो आठवतो. सरळ वस्तुसंग्रहालय, दफ्तरखाना, ग्रंथालय असे तीन शब्द लिहा. थोडं लांबतं, लांबू द्या.

कोशवेडा (पुणे) :
'स्मृतिसंस्था' मी सुचवणारच होतो. असो. 'प्रिझर्व्हेशन'ला सरकारी 'परिरक्षण' आहे.

सूरसागर (वडोदरा) :
परिरक्षण म्हटलं की मला पुरातत्त्व खात्याचा गंजका फलक दिसतो. जतन का नाही? पुण्याच्याच सी-डॅक या सरकारी संगणकसंस्थेनं संग्रहालयांसाठी सॉफ्टवेअर केलं, त्याचं नावही 'जतन'. गुजरातीत, हिंदीत, मराठीत तोच शब्द.

भाची :
'जतन' घेते, पण 'डिजिटायझेशन' आणि 'जतन' एकमेकांच्या जागी वापरू नका ही विनंती. आम्हाला वर्गात आधी हेच घोकून घेतात. स्कॅन करणं हे एकदाचं काम. जतन चालूच राहतं: मूळ प्रत टिफ या चित्रफाइलीच्या स्वरूपात, दाखवायची प्रत वेगळी आणि हलकी, प्रती वेगवेगळ्या गावी, काही वर्षांनी फाइलचं स्वरूप बदलायची तयारी, आणि प्रत्येक फाइलचा चेकसम (फाइलमधल्या मजकुरावरून हिशेबानं काढलेला तपासणीचा आकडा) काढून तो मधूनमधून जुळतो का बघायचं. एक बिट हलला तरी कळतं. या सगळ्याचा जो आराखडा दफ्तरखाने वापरतात तो मूळ अंतराळसंस्थांच्या समितीनं केलेला आहे, उपग्रहांची माहिती टिकवायला. दफ्तरवाल्यांनी तो आपला केला.

'चेकसम'ला मराठी शब्द मिळेल का? हा मात्र मला खरंच सापडला नाही.

मोडीवाचक (वडोदरा) :
ताळा! गणित केलं की ताळा करून बघायचा, शाळेत शिकवायचे की नाही? ताळा जमला तर ठीक, नाही जमला तर कुठेतरी आकडा चुकला. फाइलचा ताळा जमत नाही म्हणजे फाइल बिघडली.

कोशवेडा (पुणे) :
वा. हा शब्द कोशात टाकण्यासारखा आहे. 'पडताळा', 'ताळेबंद' ही सगळी भावंडं हाताशी आहेतच. यापुढे मी 'अंकीकरण'वर भांडणार नाही. निदान या धाग्यात.

भाची :
पहिला परिच्छेद असा केलाय. चुका काढा.

"डिजिटल वारसा दोन प्रकारचा असतो. वस्तुसंग्रहालयातली मूर्ती, दफ्तरखान्यातला कागद, ग्रंथालयातली पोथी यांचं डिजिटायझेशन करून मिळालेला, आणि मूळचाच डिजिटल असलेला. पहिल्याची अस्सल वस्तू मागे असते. दुसऱ्याची नसते, म्हणून त्याचं जतन आधी करायला हवं. दोन्हींना नोंद लागते, दोन्हींचा ताळा जमावा लागतो. आणि डिजिटल वारस्याचे हक्क कोणाकडे, हा प्रश्न दोन्हीकडे येतो."

निवृत्त ग्रंथपाल :
"वारस्याचे" नाही, "वारशाचे". पुल्लिंगी 'सा'चा सामान्यरूपात 'शा' होतो: पैसा, पैशाचा. ससा, सशाचा. मासा, माशाचा. तुमच्याच वरच्या प्रतिसादात 'वारशाचं' बरोबर लिहिलंय. बाकी ठीक.

सूरसागर (वडोदरा) :
आईला वाचून दाखवलं. 'ताळा' कळला, 'डिजिटायझेशन' म्हणताना दोनदा थांबली. 'वारशाचे' करून आज संध्याकाळी संपादकांकडे देतो. अक्षरजुळणी युनिकोडमध्येच करा, हेही सांगतो.