डंजन्स अँड ड्रॅगन्सची पुढची आवृत्ती: आधी डागडुजी कशाची हवी?

कागदी_किल्ला

डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावर फाशांनी खेळायच्या कथाखेळाची २०१४ ची पाचवी आवृत्ती आणि २०२४ ची सुधारित, दोन्हींचा सांगाडा एकच: डी२० (वीस बाजूंचा फासा) टाका, बोनस मिळवा, समोरच्या आकड्याशी ताडून बघा. हा सांगाडा उत्तम आहे आणि पुढेही तोच राहावा असं मनापासून वाटतं. पण नव्या आवृत्तीचा विषय निघाला की मागणी होते ती नव्या सबक्लासची (पात्राच्या क्लासच्या, म्हणजे पेशाच्या, उपप्रकारांची) आणि नव्या चित्रांची. मला विचारायचंय ते वेगळं: आहेत त्या नियमांत नेमकं काय मोडतं, कितव्या लेव्हलला मोडतं आणि दुरुस्ती काय? "बॅलन्स हवा" एवढ्यावर थांबू नका, आकडे द्या. दहाव्या लेव्हलच्या पुढे मोहीम चालवणाऱ्या डीएमनी (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारे) तर जरूर लिहा.

डी२०वाला

सेव्हिंग थ्रो, म्हणजे संकटातून वाचायला टाकायचा फासा. बाकी सगळं नंतर.

हल्ल्याचं गणित शेवटपर्यंत टिकतं. पहिल्या लेव्हलला +५ घेऊन एसी (शत्रूचा बचावाचा आकडा) १३ गाठायचा तर फाशावर ८ लागतात. सतराव्या लेव्हलला +११ घेऊन एसी १९ गाठायचा तरी ८च. दोन्हीकडे ६५ टक्के. सेव्हची प्रोफिशियन्सी (लेव्हलबरोबर वाढणारा बोनस) मात्र सहापैकी दोनच अबिलिटींना (ताकद, चपळाई अशा मूळ गुणांना) मिळते. उरलेल्या चार जागच्या जागी राहतात आणि डीसी (सेव्हसाठी गाठायचा आकडा) चढत जातो.

प्रौढ लाल ड्रॅगन घ्या. ज्वाळांना डेक्स (चपळाई) सेव्ह, डीसी २१. डेक्स १० असलेल्या क्लेरिकचा (पुजारी पात्राचा) बोनस शून्य. फाशावर २० पडले तरी सेव्ह हुकतो, कारण २० पडले की आपोआप यश ही सोय फक्त हल्ल्याला आहे, सेव्हला नाही. २०१४ च्या पुस्तकात या ज्वाळांचं नुकसान १८डी६ (सहा बाजूंचे १८ फासे), सरासरी ६३. सतराव्या लेव्हलच्या, कॉन (काटकपणा) १४ असलेल्या क्लेरिकचे एचपी (किती मार सोसता येतो तो आकडा) सरासरीने १२२. म्हणजे दोन झोतांत आडवा. फासा हातात द्यायचा आणि संधी मात्र अजिबात द्यायची नाही, यासारखा अन्याय या नियमांत दुसरा नाही. म्हणूनच वरच्या लेव्हलला गटात पॅलाडिन (धर्मयोद्धा) असावाच लागतो. करिझ्मा २० असेल तर त्याच्या ऑरामुळे (भोवतालच्या प्रभावामुळे) जवळच्या सगळ्यांना सेव्हवर +५ मिळतात. २०२४ मध्ये फायटरच्या इंडॉमिटेबलला (हुकलेला सेव्ह पुन्हा टाकण्याच्या क्षमतेला) लेव्हलएवढा बोनस जोडला. उपाय चांगला, पण एकाच क्लासपुरता.

माझी मागणी सरळ आहे: जिथे प्रोफिशियन्सी नाही तिथे निम्मी द्या. सतराव्या लेव्हलला +३. वरच्या क्लेरिकला मग १८ लागतील, म्हणजे १५ टक्के. फार नाही, पण शून्यही नाही.

नकाशेकर

निम्म्या प्रोफिशियन्सीला पाठिंबा, पण तेवढंच बदललंत तर दुसरीकडे गाठ पडेल. पॅलाडिनच्या ऑराजवळ त्याच माणसाचे +८ होतात. आणि रेझिलियंट फीटमधून (एका अबिलिटीच्या सेव्हला प्रोफिशियन्सी देणाऱ्या खास गुणातून) सतराव्या लेव्हलला आज +६ मिळतात, त्याचा खरा फायदा +३ वर येईल. ऑराला +३ ची मर्यादा घाला आणि रेझिलियंट नव्यानं लिहा, मग जमेल.

माझ्या यादीत मात्र विश्रांती पहिली, कारण खर्च झालेली ताकद तिच्यातूनच परत येते. २०१४ च्या डीएम गाइडमध्ये दिवसाला मध्यम ते कठीण अशा ६ ते ८ चकमकी गृहीत धरल्या होत्या. बहुतेक टेबलांवर एक-दोनच होतात. नवव्या लेव्हलच्या विझार्डकडे (जादूगाराकडे) १४ स्पेल स्लॉट (मंत्र टाकण्याच्या संधी) असतात. लढाई एकच आणि ती चार राउंडची असेल, तर तो दर टर्नला वरच्यातला वरचा स्लॉट खर्च करतो आणि दहा तसेच शिल्लक राहतात. फायटरला तेवढ्यात अ‍ॅक्शन सर्ज (एका टर्नला जादा कृती) एकदाच. सहा लढाया झाल्या, म्हणजे साधारण २४ राउंड, तर तेच १४ स्लॉट जपून वापरावे लागतात आणि फायटरची किंमत कळते. २०२४ मध्ये ६ ते ८ हा आकडा काढून टाकला, पण स्लॉटची संख्या तीच ठेवली. म्हणजे दुखणं तसंच आहे, फक्त त्याचं निदान पुस्तकातून गेलं.

"ग्रिटी रिअलिझम वापरा" असं कुणीतरी म्हणेलच. या पर्यायी नियमात शॉर्ट रेस्ट (छोटी विश्रांती) ८ तासांची आणि लाँग रेस्ट (स्लॉट परत देणारी मोठी विश्रांती) ७ दिवसांची होते. अडचण येते ती स्पेलच्या मुदतीत. मेज आर्मर (जादूचं चिलखत) ८ तास टिकतं. नेहमीच्या खेळात एका स्लॉटमध्ये जवळपास पूर्ण दिवस निघतो. इथे एका शॉर्ट रेस्टमध्येच ते संपतं आणि पुढची लाँग रेस्ट आठवडाभर लांब. म्हणून नव्या आवृत्तीत अशा मुदती तासांत न लिहिता "पुढच्या लाँग रेस्टपर्यंत" अशा लिहाव्यात. मग डीएमला रेस्ट रात्रीची ठेवता येईल किंवा फक्त सुरक्षित वस्तीत, आणि एकही स्पेल बिघडणार नाही.

तिसरा_राउंड

वेळेबद्दल कुणीच बोललं नाही. पाच खेळाडू, प्रत्येकी दोन मिनिटं, डीएमची तीन: एक राउंड १३ मिनिटांचा, चार राउंड ५२ मिनिटांचे. फाशांची संख्या वाढवणारा प्रत्येक नियम या हिशेबात मोजावा. २०१४ च्या प्राणी बोलावणाऱ्या कंज्युअर अ‍ॅनिमल्समध्ये आठ लांडगे यायचे, पॅक टॅक्टिक्समुळे (कळपानं लढण्याच्या गुणामुळे) प्रत्येकाला अ‍ॅडव्हान्टेज, म्हणजे दोन-दोन फासे टाकून मोठा घ्यायचा, म्हणून दर राउंडला १६ डी२०, तेही डॅमेज सोडून. २०२४ मध्ये त्याऐवजी एकच कळप आणि त्यात सापडणाऱ्याला एक सेव्ह. फार चांगला बदल. पण त्याच पुस्तकात टॉपल मास्टरी (शत्रूला पाडणारं शस्त्रकौशल्य) आली: लागलेल्या प्रत्येक फटक्याला कॉन सेव्ह. अकराव्या लेव्हलचा फायटर अ‍ॅक्शन सर्ज घेऊन सहा फटके मारतो, म्हणजे एका टर्नमध्ये सहापर्यंत सेव्ह. टॉपल टर्नला एकदाच ठेवा, एवढीच माझी मागणी.

सूचीप्रेमी

मांडणी! २०२४ मध्ये लपण्याचा नियम शोधून बघा. हाइड अ‍ॅक्शनखाली डीसी १५ आणि लपणं कधी मोडतं ते, पण लपल्याचा फायदा काय ते इनव्हिजिबल या कंडिशनखाली. एका प्रश्नासाठी दोन नोंदी उलटायच्या. आणि स्पेल लेव्हलनुसार छापा हो, पाचव्या लेव्हलच्या क्लेरिकला नवव्या लेव्हलच्या स्पेलची पानं रोज कशाला चाळायला लावता?

कागदी_किल्ला

सगळ्यांचे आभार, हेच हवं होतं. एक जमेची बाजू: एसआरडी (खेळाच्या मूळ नियमांचा दस्तऐवज) ५.१ जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्सखाली आहे आणि ५.२ एप्रिल २०२५ पासून. म्हणजे श्रेय देऊन हे दुरुस्त नियम आपण आजच लिहून वाटू शकतो, नव्या आवृत्तीची वाट बघायला नको.

निम्म्या प्रोफिशियन्सीपासून सुरुवात करू. ऑरा +३ वर बांधलेला. कुणी चालवून बघणार असेल तर प्रत्येक सेव्हमागे चार गोष्टी टिपा: लेव्हल, अबिलिटी, डीसी आणि फाशावरचा मूळ आकडा. बोनस मिळवून लिहू नका, नाहीतर जुन्या नियमानं काय झालं असतं ते ताडता येणार नाही.