मे महिन्यातील खाऱ्या पाण्याची स्नाने: आपल्या आठवणीतला किनारा कोणता?

फोंड्याची लेक यांचा प्रश्न:

नमस्कार. आमचे घर फोंडा तालुक्यात, डोंगर आणि कुळागरांच्या मधोमध आहे. समुद्र आमच्यापासून फार दूर नाही, तरीही लहानपणी तो वर्षातून एकदाच, मे महिन्यात भेटत असे. आणि तोही सहलीसाठी नव्हे, तर आजीच्या सांधेदुखीसाठी. वैशाखातल्या उन्हाने कोमट झालेल्या खाऱ्या पाण्यात पाच, सात किंवा नऊ अशी विषम संख्येने स्नाने केली की पावसाळाभर हाडे कुरकुरत नाहीत, अशी तिची ठाम श्रद्धा होती. त्यासाठी शिरदोणला एका ओळखीच्या घराची पडवी आठवडाभर मिळत असे, आणि आजी, आई, दोन काकी व आम्ही पाच मुले, तांदूळ, लोणच्याची बरणी आणि मानकुराद आंब्यांची टोपली घेऊन तिथे मुक्काम हलवत असू.

शिरदोणचा किनारा जुवारी नदीच्या मुखाच्या आत असल्यामुळे तिथे मोठ्या लाटा येत नाहीत. आजी नऊवारी नेसूनच पाण्यात उतरे. पाण्याला पाय लागण्याआधी ती वाकून ओंजळभर पाणी डोळ्यांना लावी, मग आईचा हात धरून कमरेएवढ्या पाण्यापर्यंत जाई आणि तिथे बराच वेळ, काही न बोलता, नुसती उभी राही. समोरून खनिजाने भरलेल्या बार्जी मुरगाव बंदराकडे जात असत. त्या मोजण्याचे काम आम्हा मुलांकडे होते. बाहेर आल्यावर आम्ही तिचे गुडघे तापलेल्या वाळूत पुरून ठेवत असू. निघण्याच्या दिवशी ती एक कळशीभर खारे पाणी घरी नेत असे, कारण शेजारच्या मावशींना चालता येत नव्हते आणि त्यांच्या गुडघ्यांनाही ते लागले पाहिजे, असे तिचे म्हणणे होते.

आजी जाऊन खूप वर्षे झाली. आता माझी आई 76 वर्षांची आहे, तिचे गुडघे तिच्या सासूच्या वाटेने निघाले आहेत, आणि यंदा तिने स्वतःहून “मला खाऱ्या पाण्यावर ने” असे म्हटले आहे. म्हणून दोन गोष्टी विचारते. वृद्ध व्यक्तीला निर्धास्तपणे उतरता येईल असा किनारा आपल्या अनुभवात कोणता आहे? आणि आपल्या घरी अशी स्नाने होत असत का, त्या दिवसांतले आपल्याला काय आठवते? ज्या किनाऱ्याशी आपले काही नाते आहे, त्याविषयी सविस्तर लिहिलेत तर मला आईला वाचून दाखवता येईल.

चोपडेकाठ यांचे उत्तर:

आपला प्रश्न वाचून फार दिवसांनी वडिलांची आठवण झाली. आम्ही पेडण्याचे. आमच्याकडे खारे पाणी म्हणजे केरीचे. तिरकोल नदी जिथे समुद्राला मिळते तिथला हा किनारा, पलीकडच्या तीरावर तिरकोलचा किल्ला, अलीकडे ‘आजोबा’ या देवाचे देऊळ आणि मागे सुरूंची दाट रांग. आधी आजोबाला नारळ ठेवायचा, मग पाण्यात जायचे, हा आमचा क्रम कधी चुकला नाही. दुपारी सुरूंच्या सावलीत चटई टाकून सगळी वडील माणसे झोपत. वाऱ्याने सुरूंमधून येणारा तो आवाज लाटांचा आहे की झाडांचा, हे डोळे मिटल्यावर कळत नसे. त्या सुरूंपैकी पुष्कळ झाडे समुद्राने ओढून नेली आहेत. किनाऱ्याची धूप इतकी झाली आहे की आम्ही जिथे चटई टाकत होतो ती जागा मला आता दाखवता येणार नाही. मला याचे मनापासून दुःख होते, आणि म्हणूनच तुमच्या आईंसाठी केरी सुचवण्याचे धाडस होत नाही.

मात्र मोरजीविषयी सांगितल्याशिवाय राहवत नाही. शिवोली आणि चोपडे यांच्यामध्ये पूल होण्यापूर्वी फेरीबोट होती, आणि आत्याचे घर मोरजीला तेमवाड्यावर असल्यामुळे पलीकडच्या नातेवाइकांकडून परतताना आम्ही तिच्याकडे उतरत असू. एका रात्री वडिलांनी मला झोपेतून उठवून, कंदील न घेता, वाळूवर नेले. तिथे एक कासवीण मागच्या वल्ह्यासारख्या पायांनी खड्डा करत होती. ऑलिव्ह रिडले हे तिचे नाव मला पुष्कळ नंतर कळले. तेव्हा फक्त तिच्या डोळ्यांतून पाणी वाहताना दिसले आणि ती रडते आहे असे वाटून मीही रडलो. कासवे शरीरातले जास्तीचे मीठ डोळ्यांजवळच्या ग्रंथींतून बाहेर टाकतात, हे वडिलांनाही ठाऊक नव्हते. त्यांनी एवढेच सांगितले की बाळंतिणीच्या खोलीत दिवा घेऊन जायचे नसते. पुढे वाचनात आले की साधारण शंभर अंडी घालून ती निघून जाते, पिल्ले 45 ते 60 दिवसांनी बाहेर पडतात आणि जिकडे उजेड अधिक तिकडे समुद्र आहे असे समजून धावतात. किनाऱ्यावरच्या विजेच्या झगमगाटाने त्यांची दिशाभूल होते ती यामुळेच. अंधाराचा वडिलांनी राखलेला मान किती योग्य होता, हे तेव्हा उमगले. मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग या चार किनाऱ्यांवर आज ही घरटी वन खात्याच्या देखरेखीखाली राखली जातात.

साळकाठ यांचे उत्तर:

आम्ही सासष्टीतले. कोलवा आणि बाणावली यांच्या मधल्या वेळेवर (आमच्याकडे किनाऱ्याला वेळ म्हणतात) माझे बालपण गेले. परशुरामाने सह्याद्रीवरून सोडलेला बाण इथे पडला म्हणून बाणावली, ही कथा आजोबा तिथल्याच वाळूत बसून सांगत. वेळसावपासून मोबोरपर्यंत, साळ नदीच्या मुखाशी, हा वाळूचा पट्टा जवळजवळ अखंड जातो.

आमच्या आठवणींत स्नानापेक्षा रापण मोठी आहे. पहाटे होडी अर्धवर्तुळाकार फिरून जाळे टाकी आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर पोचले की गावातले पंधरावीस जण एका दोराला, पंधरावीस जण दुसऱ्याला लागत. दोर ओढण्याला वयाची अट नव्हती. मी सात वर्षांचा असताना काकांच्या मागे उभा राहून ओढत होतो, म्हणजे खरे तर दोराला लोंबकळत होतो, तरीही वाटणी करताना रापणकाराने माझ्या पुढ्यात तीन बांगडे आणि मूठभर तारल्या ठेवल्या. ती माझी पहिली कमाई. जो दोराला हात लावेल त्याला वाटा, हा तिथला नियम होता. 1970 च्या दशकात यांत्रिक ट्रॉलर किनाऱ्याच्या अगदी जवळ येऊन मासळी गोळा करू लागले, तेव्हा रापणकारांनी मोठे आंदोलन केले. किनाऱ्यालगतचे पाणी पारंपरिक मच्छीमारांसाठी राखून ठेवावे हीच त्यांची मागणी होती, आणि मासेमारीचे नियमन करणारा गोव्याचा कायदा त्यानंतर, 1980 साली झाला. माझे काका त्या मोर्चांना जात. रापण अजूनही कुठे कुठे लागते. लागली की मी आजही दोराला हात लावतो.

तुमच्या आईंसाठी मात्र आमचा किनारा मी सुचवणार नाही. तो उघड्या समुद्राचा आहे आणि मे महिन्याच्या उत्तरार्धात लाटा चढू लागतात. शिवाय पावसाळ्याच्या तोंडावर वाळूत डांबराचे गोळे येतात. ते पायाला चिकटले तर खोबरेल तेल चोळावे, साबणाने निघत नाहीत.

निवृत्त मास्तर, काणकोण यांचे उत्तर:

मी काणकोण तालुक्यात शाळेत शिकवत होतो. पाळोळे हा माझ्या आठवणीतला किनारा. दोन्ही बाजूंना खडकाळ टोके आणि मधे चंद्रकोरीसारखी वाळू असल्यामुळे पाणी शांत आणि तळ हळूहळू उतरता आहे. वृद्धांसाठी तो चांगला आहे, मात्र फोंड्याहून आईंना एवढा प्रवास झेपेल का, याचा विचार करावा.

किनाऱ्याच्या उत्तर टोकाला एक लहान बेट आहे, जिथे ओहोटीच्या वेळी चालत जाता येते. चाळीसेक वर्षांपूर्वी आठवीच्या वर्गातील बावीस मुलांना घेऊन मी सकाळी दहाच्या सुमारास पलीकडे गेलो. खडकांच्या डबक्यांमधले खेकडे, शंख आणि समुद्रफुले पाहण्यात मुले अशी रमली की मीही घड्याळ विसरलो. एक वाजता परत निघालो तेव्हा जिथून घोट्याएवढ्या पाण्यातून आलो होतो तिथे मुलांच्या कमरेपर्यंत पाणी होते आणि ते वाढत होते. त्या क्षणी माझ्या पोटात उठलेला गोळा मी आजवर विसरलेलो नाही. एका मच्छीमाराने दुरून पाहिले, होडी आणली आणि चार फेऱ्यांत सगळ्यांना पलीकडे पोचवले. पैसे घेण्यास त्याने नकार दिला, पण मला बाजूला घेऊन विचारले, “मास्तर, आज तिथी कोणती?” मला सांगता आली नाही. चतुर्थी होती.

मग त्याने मला जो हिशेब शिकवला तो मी पुढे प्रत्येक वर्गाला शिकवला. तिथीच्या आकड्याला पाऊणपटीने गुणावे. येणारे उत्तर म्हणजे भरती पूर्ण होण्याची ढोबळ वेळ. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे तीन वाजता भरती आणि त्याआधी सहा तास, नऊ वाजता, ओहोटी. अष्टमीला सहा वाजता भरती, दुपारी बाराला ओहोटी. कृष्ण पक्षातही प्रतिपदेपासून पुन्हा एकपासूनच मोजावे. चंद्र रोज सुमारे 50 मिनिटे उशिरा उगवतो आणि भरतीही तेवढीच पुढे सरकते, हे त्यामागचे शास्त्र आहे. प्रत्यक्षात तासभर मागेपुढे होते, पण दिवस ठरवण्यास एवढे पुरते.

तुम्हाला याचा उपयोग असा: अमावस्या आणि पौर्णिमा यांच्या आसपास उधाण असते, ते दिवस टाळावेत. सप्तमीपासून दशमीपर्यंत भांगाची भरती असते, म्हणजे पाणी फार चढतही नाही आणि फार ओसरतही नाही. शिरदोणला पूर्ण ओहोटीत चिखल आणि खडक उघडे पडतात, त्यामुळे भरतीच्या सुमारास जाणे आईंच्या पायांना सोयीचे. सप्तमी-अष्टमीला ती संध्याकाळी पाच-सहाच्या दरम्यान येते. ऊन उतरलेले, वाळू अजून उबदार आणि पाणी काठाजवळ.

एक परिचारिका, पणजी यांचे उत्तर:

थोडक्यात लिहिते. खाऱ्या पाण्याने झिजलेला सांधा भरून येत नाही, पण आजींना बरे वाटत होते हेही खरेच असणार, कारण कमरेएवढ्या पाण्यात उभे राहिल्यावर गुडघ्यांवरचा भार जवळजवळ निम्मा होतो. आईंना पाण्यात नुसते उभे न ठेवता सावकाश चालू द्या. त्यांना मधुमेह असेल तर तापलेल्या वाळूत पाय पुरू नयेत. पायांची जाणीव कमी झालेली असते आणि भाजलेले कळत नाही.

पणजीची असूनही सांगते की जवळ आहे म्हणून मिरामारला स्नानासाठी नेऊ नका. मांडवीच्या मुखाशी पाण्याला आतून ओढ असते. माझ्या वडिलांनी मला तिथे गुडघ्यापलीकडे कधी जाऊ दिले नाही, आणि भाऊसाहेब बांदोडकरांच्या समाधीजवळ बसून भेळ खाणे एवढाच आमचा मिरामारशी संबंध राहिला. जीवरक्षक असलेल्या कोणत्याही किनाऱ्यावर लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधल्या पाण्यातच उतरावे. नुसता लाल झेंडा असेल तर मुळीच उतरू नये. आणि कधी ओढीत सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने झगडू नका, किनाऱ्याला समांतर सरका. ती ओढ अरुंद असते, तिच्या बाजूला गेले की सुटका होते.

फोंड्याची लेक यांचे उत्तर:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री जेवणानंतर सगळी उत्तरे आईला वाचून दाखवली. कासवीच्या डोळ्यांतल्या पाण्याविषयी तिने दोनदा वाचायला लावले. मास्तरांचा हिशेब ऐकताच ती म्हणाली की आजी घरून निघण्याआधी नेहमी पंचांग पाहत असे. आम्हाला ते मुहूर्तासाठी वाटायचे, पण ती भरतीच पाहत असणार. एवढी वर्षे माझ्या हे लक्षात आले नव्हते.

तेव्हा शिरदोणच ठरले. आईला मधुमेह नाही, तरी वाळू हाताने पाहूनच पाय ठेवू. मी दोन दिवसांचा बेत केला होता, पण स्नाने सातच झाली पाहिजेत, दोन म्हणजे सम संख्या झाली, असे तिने स्पष्ट सांगितले आहे आणि माळ्यावरची कळशी घासायला काढली आहे. त्यामुळे वैशाख शुद्ध पंचमीपासून सात दिवसांसाठी शिरदोणला किंवा बांबोळीच्या बाजूला एखादी साधी, तळमजल्यावरची खोली भाड्याने मिळण्यासारखी असेल, तर कृपया कळवावे.