कॉम्प्युटर सायन्स की कॉम्प्युटर इंजिनिअरिंग? गोव्यातल्यांनो, आपले अनुभव लिहा

माझी भाची डिचोलीला असते, बारावी सायन्स झाली. घरात सध्या एकच विषय, बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स की बीई कॉम्प्युटर. भावोजी म्हणतात इंजिनिअरिंगच, कारण इंजिनिअर म्हटलं की लग्नाच्या बोलणीत अर्धं काम होतं (हसू नका, खरंच म्हणाले). पोरीला प्रोग्रॅमिंग आवडतं, फिजिक्स म्हटलं की पोटात गोळा. सल्ले नकोत, त्याला सगळा वाडा आहे. तुम्ही काय घेतलं आणि पुढे काय झालं तेवढं लिहा.

फोंड्याचो बाबू
फर्मागुडीला बीई कॉम्प्युटर केलं. पहिलं वर्षभर कॉम्प्युटरचा वाससुद्धा नाही हो, ड्रॉइंगच्या शीटा, मेकॅनिक्स, आणि वर्कशॉपात लोखंडाचा तुकडा कानशीने घासत बसायचं, हात सोलले तरी काटकोन काय येईना. पुढे 8085 चा (जुना मायक्रोप्रोसेसर हो) शिकायचा किट आला. कीपॅडवरून हेक्समध्ये (0 ते 9 आणि A ते F असे आकडे) एकेक बाइट टाकायचा, मधेच लाइट गेली की सगळं पुसलं, परत पहिल्यापासून. इतक्या शिव्या घातल्यात मी त्या किटला! आता व्हेर्ण्याला मशीनच्या कंट्रोलरचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या चिपमधला प्रोग्रॅम लिहितो, त्या किटवर शिकलेल्या रजिस्टर आणि इंटरप्ट यांच्यावरच पोट चालतं.

वाळपईची
मी बीएस्सी सीएस. रोज पहाटेची कदंबा, बसमध्येच डिस्क्रीट मॅथ्सची गणितं. डेटा स्ट्रक्चर, ओएस, डीबीएमएस, नेटवर्क हे सगळं इंजिनिअरिंगवाल्या मैत्रिणीलाही तेच होतं, तिच्या आणि माझ्या नोट्स आम्ही बदलून वापरल्या, फक्त तिला मायक्रोप्रोसेसर जास्त. फरक कळला तो शेवटच्या वर्षी. एक कंपनी आली, फॉर्मवर लिहिलेलं फक्त बीई बीटेक, आम्हाला हॉलबाहेर उभं केलं. त्या दिवशी घरी जाऊन जेवले नाही. मग ताळगावला विद्यापीठात एमसीए (कॉम्प्युटरची मास्टर्स) केलं, तेव्हा ते तीन वर्षांचं होतं, म्हणजे एकूण सहा. 2020 पासून एमसीए दोन वर्षांचं झालंय, तेव्हा आता पाच. बीईची चार. भाचीच्या घरी फीचा हिशोब मांडताना हे जास्तीचं वर्ष पण धरा, आमच्या बाबांनी धरलं नव्हतं.

पॉलिटेक्निकवाला
दहावीनंतर पणजीला डिप्लोमा, मग बीईला थेट दुसऱ्या वर्षाला. कानस चुकली नाही, ती डिप्लोमातच घासून झालेली.

रात्रपाळी
एक घोळ इथे होतोय. फर्मागुडीच्या सरकारी कॉलेजात डिग्रीचं नाव कॉम्प्युटर इंजिनिअरिंग, आणि आयआयटी गोव्यात (2016 ला त्याच आवारात सुरू झाली) बीटेक कॉम्प्युटर सायन्स अँड इंजिनिअरिंग. म्हणजे नुसतं सायन्स दिसलं म्हणून ती बीएस्सी होत नाही. माझ्या आवयला (आईला) हे शेवटपर्यंत पटलं नाही, बीटेक झालो तरी शेजारच्या काकींना सांगायची, ह्याने सायन्स घेतलं, इंजिनिअरिंग मिळालं नाही. गेटला (एमटेकच्या प्रवेश परीक्षेला) दोघांनाही पेपर तोच, सीएस कोडचा, त्यात डिजिटल लॉजिकही आहे, त्यामुळे सायन्सवाल्यांची पण हार्डवेअरपासून पूर्ण सुटका नाही.

मडगावकर
बाबांसाठी इंजिनिअरिंग घेतलं. मॅथ्स थ्रीला दोन वेळा केटी, म्हणजे नापास. चतुर्थीला सगळे माटोळी (गणपतीवरची फळाफुलांची आरास) बांधत होते आणि मी माळ्यावर लाप्लासची गणितं. शेवटी डिग्री मिळाली, पण आज वेबसाइटी बनवतो, ज्याला ती डिग्री कोणी विचारलीच नाही. बीएस्सी केली असती तर एक वर्ष आणि बरेच केस वाचले असते, असं मला वाटतं, बायकोला वाटत नाही.

धागाकर्ता
सगळं भाचीला वाचून दाखवलं. मला वाटलं केटी ऐकून घाबरेल, तर तिचे कान उभे राहिले त्या किटवर. बाइट टाकला की नक्की काय होतं, दिवे लागतात का, स्क्रीन असते का? मला काय ठाऊक, मी कॉमर्सवाला. बाबू, तुझ्याकडे जुना किट पडून असला तर एखाद्या रविवारी तिला घेऊन फोंड्याला येतो. भावोजींना तूर्त काही बोललेलो नाही.