पापण्या सुजल्या तेव्हा: तुमचे अनुभव सांगा

तापीकाठची
आज गल्लीतलं एक पोरगं अर्धा डोळा मिटून शाळेत चाललेलं दिसलं आणि धाकट्याचं चौथीतलं वर्ष आठवलं. सकाळी उठला की दोन्ही पापण्या टम्म, दुपारपर्यंत ओसरायच्या. कुणी म्हणे कपाशीची धूळ, कुणी म्हणे मोबाईल. अमळनेरच्या डॉक्टरांनी डोळ्यांआधी नडगी दाबून पाहिली, बोटाचा खड्डा तसाच राहिला. मग लघवी काचेच्या नळीत घेऊन तापवली, तर पांढरीफटक झाली. प्रोटीन जात होतं. नेफ्रोटिक सिंड्रोम, म्हणजे किडनीचा आजार. प्रेडनिसोलोनच्या गोळ्या, मीठ कमी, रोज सकाळी लघवीची पट्टी आणि वहीत नोंद. आता कॉलेजात आहे, ठणठणीत. सूज दोन्हीकडे, दुखत नाही, लालीही नाही, असं असेल तर लघवी तपासाच. तुमचंही लिहा.

डुबुकवडी
रांजणवाडी!! दर उन्हाळ्यात ठरलेली. आजी तळहातावर बोट घासून गरम करून टेकवायची. डॉक्टरपण शेकच सांगतात, फक्त स्वच्छ फडकं कोमट पाण्यात बुडवून, पाच-दहा मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. फोडायची नाही.

केळीबाग
लसूण तर अजिबात घासू नका. आमच्या काकूंची पापणी भाजली होती.

खान्देशी_भाऊ
माय व! मना बी डोया सुजना व्हता, मेव्हण्याच्या हळदीला. केसांना डाय लावला आणि सकाळी आरशात मीच मला ओळखेना 😂 फोटोत सगळीकडे गॉगल. डॉक्टर म्हणाले डायमधलं पीपीडी नावाचं रसायन सोसलं नाही, परत लावायचा नाही. तेव्हापासून पांढरा.

डुबुकवडी
@खान्देशी_भाऊ पांढरे शोभतात भाऊ 😄

मिरचीपथारी
नंदुरबारला या, पथारीवर मिरची निवडताना चुकून डोळ्याला हात लावा, मग बोलू.

शेवभाजी
माझी गाठ होती, दुखत नव्हती, पण जातही नव्हती. कॅलेझियन. शेकून कंटाळले. शेवटी पापणी उलटवून आतून काढली. कापण्याचं काही नाही वाटलं, भुलेची सुई मात्र आई गं. कुकर लावलाय, नंतर लिहिते

बांधावरून
बांधावरचं गाजर गवत उपटलं की वडिलांच्या पापण्या सुजून खाज सुटायची. एका दुकानदाराने थेंब दिले, लगेच आराम. मग तेच चालू. चष्म्याचा नंबर काढायला गेलो तर डोळ्याचा दाब वाढलेला. थेंबात स्टेरॉइड. काचबिंदूच्या तपासण्या अजून चालू आहेत.

केळीबाग
भाऊ तुमच्याकडे कपाशीला भाव काय चाललाय?

बांधावरून
नका विचारू.

भुसावळकर
हे गंमतीवारी नेऊ नका. पुतण्याला सर्दीनंतर एकच डोळा सुजला, ताप, डोळा फिरवला की ओरडायचा. सायनसमधला जंतुसंसर्ग डोळ्याच्या खोबणीत गेला होता. सीटी स्कॅन करून लगेच ॲडमिट, सलाईनमधून अँटिबायोटिक. डोळा पुढे आला, दोन-दोन दिसायला लागलं तर सकाळची वाट पाहू नका, रात्रीच न्या.

तापीकाठची
बापरे. बरा आहे ना आता?

भुसावळकर
हो, क्रिकेट खेळतोय.

शेवभाजी
आले. वांगी बामणोदची आणलीत, भरीत करतेय. ताई, ती लघवीची पट्टी साध्या मेडिकलवर मिळते?

तापीकाठची
मिळते. बाटलीवरच्या रंगांशी जुळवायची, पिवळी असेल तर ठीक, हिरवी व्हायला लागली की डॉक्टरांना फोन. झाकण घट्ट लाव, दमटपणाने पट्ट्या खराब होतात. आणि भरीत इकडे पाठव.