उताराच्या जागेवर पेव्हर ब्लॉकचा रस्ता: रेव्हिटमध्ये सबडिव्हाइड करावे की फ्लोअर काढावा?

प्रश्न

रत्नागिरीजवळच्या एका बंगल्याच्या कामात फाटक वर आणि पोर्च खाली आहे. मधल्या ३० मीटरमध्ये जमीन सुमारे ४ मीटर उतरते. या उतारावर ५ मीटर रुंदीचा पेव्हर ब्लॉकचा रस्ता रेव्हिट २०२४ मध्ये (इमारतीचे त्रिमितीय मॉडेल करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये) दाखवायचा आहे. टोपोसॉलिडवर, म्हणजे जमिनीच्या घन मॉडेलवर, सबडिव्हाइड करून रस्त्याचा भाग वेगळा आखला, तर मोजणीतला प्रत्येक खड्डा आणि उंचवटा रस्त्यावर जसाच्या तसा उमटतो. स्लोप ॲरो (एकसारखा उतार देणारा बाण) देऊन फ्लोअर, म्हणजे थरांची लादी, काढला, तर काही ठिकाणी माती फरसबंदीतून वर येते आणि काही ठिकाणी रस्ता अधांतरी राहतो. आराखड्यासोबत साहित्याची परिमाणेही काढायची असल्याने योग्य पद्धत कोणती, हे कृपया सांगावे.

उत्तर १

सबडिव्हाइड मूळ जमिनीचाच पृष्ठभाग घेते. हिरवळ किंवा पायवाट यांसाठी ते पुरेसे आहे. गाडीच्या रस्त्याला मात्र स्वतःची पातळी असते आणि जमिनीने तिच्याशी जुळवून घ्यायचे असते. म्हणून फ्लोअरच काढावा, पण स्लोप ॲरोशिवाय, कारण ॲरो दिलेल्या फ्लोअरचे बिंदू नंतर वरखाली करता येत नाहीत. सपाट फ्लोअर काढून मॉडिफाय सब-एलिमेंट्समधून (फ्लोअरचे बिंदू वरखाली करण्याच्या साधनातून) दोन्ही कडांवर ठरावीक अंतराने बिंदू घालावेत आणि प्रत्येकाला उंची द्यावी. आडवा उतार २ टक्के धरला, तर एक कड दुसरीपेक्षा १०० मिलिमीटरने खाली येईल. समोरासमोरचे बिंदू स्प्लिट लाइनने (घडीच्या रेषेने) जोडावेत, नाहीतर घडी कुठे पडावी हे रेव्हिट स्वतःच ठरवते.

यात खरा घोटाळा थरांच्या रचनेत होतो. फ्लोअरच्या प्रकारात वाळूच्या थरापुढे ‘व्हेरिएबल’ची (बदलत्या जाडीची) खूण असेल, तर फ्लोअरचा तळ सपाट राहतो आणि सगळा उतार तो एकटा थर जाड होऊन भरून काढतो. आपल्या रस्त्याचे क्षेत्रफळ १५० चौरस मीटर आहे. ३० मिलिमीटरच्या थराला साडेचार घनमीटर वाळू लागावी, तिथे साहित्याच्या तक्त्यात ३०० घनमीटरच्या आसपास आकडा येईल. गच्चीच्या उताराला ती खूण हवी असते, रस्त्याला नको. ती काढली की ब्लॉक, वाळू आणि खडी हे तिन्ही थर सारख्या जाडीने उतरतात.

उत्तर २

वरील पद्धत योग्य आहे, पण तेवढ्याने जमीन जुळत नाही. कट जिऑमेट्री या साधनाने फ्लोअर टोपोसॉलिडला कापतो, भराव मात्र घालत नाही. त्यासाठी मूळ जमीन ‘एक्झिस्टिंग’ फेजमध्ये (कामाआधीच्या टप्प्यात) ठेवून ग्रेडेड रीजन, म्हणजे तिची बदलता येणारी नवी प्रत, करावे आणि नव्या टोपोसॉलिडचे बिंदू रस्त्याच्या कडांच्या पातळीला आणावेत. खोदाई आणि भराव यांचे आकडे गुणधर्मांत मिळतात. कडेचा मातीचा उतार साधारण १:२ धरावा. जागा कमी असेल, तर जांभ्याची संरक्षक भिंत स्वतंत्र दाखवावी. रेव्हिट २०२५ पासून खोदाईसाठी एक्स्कॅव्हेट हे वेगळे साधन आले आहे. कार्यालयात ती आवृत्ती असल्यास तेच वापरावे.

उत्तर ३

मॉडेलपेक्षा पातळ्यांविषयीच थोडे लिहितो. ३० मीटरमध्ये ४ मीटर म्हणजे १३ टक्क्यांहून अधिक उतार. तो एकदम सुरू होऊन एकदम संपला, तर गाडीचा तळ घासेल. वर आणि खाली सुमारे ३ मीटरचा टप्पा निम्म्या उताराचा ठेवावा आणि त्यासाठी बिंदूंची एकेक ओळ वाढवावी. अर्थात मधला उतार त्यामुळे १५ टक्क्यांच्या जवळ जाईल. शिवाय पाणी पोर्चकडेच येणार आहे. कोकणातला पाऊस लक्षात घेता पोर्चआधी आडवे जाळीचे गटार हवे आणि पोर्चची कड त्या गटाराकडे उतरती हवी. गटाराच्या जागी फ्लोअर दोन भागांत तोडलेला बरा, म्हणजे दोन्ही बाजूंचे उतार स्वतंत्रपणे बदलता येतील.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. व्हेरिएबलची खूण काढल्यावर वाळूचा आकडा ताळ्यावर आला. सल्लागाराकडे अजून रेव्हिट २०२३ आहे. त्यांना हीच फाइल देता येईल का?

उत्तर २

नाही. २०२४ ची फाइल २०२३ मध्ये उघडत नाही आणि टोपोसॉलिड त्या आवृत्तीत नाहीच. त्यांना डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडची) किंवा आयएफसी (वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये चालणारी) फाइल द्यावी, आणि कडांच्या पातळ्या नकाशावर स्पॉट एलिव्हेशनने (बिंदूची उंची दाखवणाऱ्या खुणेने) लिहून द्याव्यात.