एफ/२२ ला फोटो बोथट का?
नागपुरी संत्र्याची साल एफ/२२ ला, म्हणजे लेन्सचं छिद्र अगदी बारीक करून, जवळून टिपली तरी बोथट आली, अशी तुमची तक्रार आहे. लेन्सला दोष देऊ नका. १:१ मॅग्निफिकेशनला (वस्तू कॅमेऱ्याच्या सेन्सरवर खऱ्या आकाराएवढी उमटते तेव्हा) एफ/२२ प्रत्यक्षात एफ/४४ इतकं होतं आणि डिफ्रॅक्शन, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाशाचं पसरणं, सगळा बारकावा खातं. फुल फ्रेमवर (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरवर) एफ/८ ला, म्हणजे छिद्र मोठं ठेवून, जेमतेम १ मिलिमीटर खोलीचाच भाग स्पष्ट येतो, पण येतो तो खणखणीत! आपल्या संत्र्याची साल सैल असते, अलगद सुटते. म्हणून तिचा तुकडा पुठ्ठ्यावर सपाट चिकटवून सेन्सरला समांतर ठेवा. खिडकीचा उजेड अगदी तिरपा घ्या, तेलाची एकेक ग्रंथी उठून दिसेल. आणि हो, तेवढा वेळ कूलर बंद ठेवा, त्याच्या थरथरीनेही फोकस हलतो. अख्खं फळ हवं असेल तर मात्र फोकस स्टॅकिंगच करा, म्हणजे वेगवेगळ्या अंतरावर फोकस करून घेतलेले फोटो एकत्र जोडा.